डावा डोळा नीट दिसेल असा टीव्ही

आमच्या घरी टीव्हीचं चित्र कसं आलंय हे आत्या पडद्यावरच्या माणसांच्या डोळ्यांवरून ठरवायची. बातम्या देणारी बाई काय बोलतेय याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. ती पुढे वाकून त्या बाईची बुबुळं शोधायची. सापडली तर म्हणायची, "आज बरं हाय." नाही सापडली तर, "काय नाय गो आज, नुसत्या मुंग्या."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहायची. पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. साचे बाबा बघायचे, रंग कामगार द्यायचे, पण शेवटची डोळ्यांची आखणी आत्याची. लहान मूर्ती मांडीवर घेऊन ती दिवसाला कितीतरी आखायची, आणि तेवढा वेळ कारखान्यातला रेडिओसुद्धा बंद असायचा. मला तो वेळ फार आवडायचा, कारण त्यात कुणी मला काही विचारत नसे.

टीव्हीच्या बाबतीत बाबांचाही एक धंदेवाईक दोष होता. ते रंगाचं बटण फिरवत फिरवत माणसांच्या कातडीला गणपतीचा गुलाबी आणायचे आणि मग समाधानाने मागे टेकायचे. त्यामुळे आमच्या पडद्यावर मंत्री, क्रिकेटपटू, शेतीतले तज्ज्ञ, सगळे आत्ताच रंगवून वाळत ठेवल्यासारखे दिसत. दुसऱ्यांच्या घरी मला माणसं आजारी वाटायची.

मी तेव्हा नववीत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे टीव्हीबरोबर आलेलं मॅन्युअल वाचणं हे माझं काम झालं होतं. चित्राच्या बाजूला त्याचीच फिकट सावली दिसते, तिला मॅन्युअलमध्ये भूत म्हटलेलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" ती पहिल्यापासून भूतच म्हणत होती. आमच्याकडे डोंगरांमुळे भुतं भरपूर. पावसाळ्यात बाबा छपरावर चढून अँटेनाचा दांडा मुंबईच्या दिशेला फिरवायचे आणि मी खिडकीत उभी राहून "आलं", "गेलं" सांगायची. माझं "आलं" खिडकीच्या गजांपलीकडे जायचं नाही. मागून आत्या ओरडायची, "आलं म्हणतेय ती! ठेव तसंच!" तोवर दांडा पुढे गेलेला असायचा.

त्या वर्षी मुंबईच्या एका मंडळाची अकरा फुटी मूर्ती आमच्याकडे होती. एवढी मोठी मूर्ती आत्याने पहिल्यांदाच अंगावर घेतली. बांबूंची परांची बांधली, आत्या पदर खोचून वर चढली. उजवा डोळा आखून झाला आणि वीज गेली. तासभर वाट बघितली. मंडळाचा ट्रक दारात येऊन उभा होता, माणसं प्लास्टिकचा कागद घेऊन तयार. शेवटी बाबांनी खालून गॅसबत्ती धरली आणि आत्याने डावा डोळा त्या उजेडात आखला.

तिचा एक नेम होता. आखणी झाली की दहा पावलं मागे जायचं, वळायचं आणि एकदाच बघायचं. दोन्ही बुबुळं आपल्याकडे बघतायत की एक चुकार निघालंय, ते जवळून कळत नाही. त्या दिवशी ती परांचीवरून उतरेपर्यंत मंडळाच्या माणसांनी "बाप्पा मोरया" करून चेहऱ्यावर कागद ओढला होता. दहा पावलं तेवढी राहिली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "डावा बाहेर गेला असं वाटतंय मला."

"ताई, काही गेला नाही," बाबा म्हणाले.

"तुला खालून काय दिसलं? तू बत्ती धरून डोळे मिटून उभा होतास." हे खरं होतं, बत्तीचा धूर बाबांच्या डोळ्यांत जात होता. "पुढल्या साली मोठं काम माझ्या भरवशावर घेऊ नको. मी लहानच करीन."

आत्या तसं बोलली की तसंच करायची, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मोठ्या मूर्तीचे डोळे आखणारं आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

मुंबईला जाऊन बघणं शक्य नव्हतं. रांगेत पाच-सहा तास उभं राहायला आत्याचे गुडघे तयार नव्हते. मंडळ दर वर्षी फोटो पाठवायचं, पण त्यात मूर्तीपुढे मंडळाचे अध्यक्ष उभे असायचे आणि त्यांचेच डोळे चांगले यायचे. तेवढ्यात गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळातून फोन आला. टीव्हीवाले येऊन शूटिंग करून गेले, चेहरा अगदी जवळून घेतला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी सातनंतरच्या मराठी कार्यक्रमात दाखवणार. एकदाच.

आत्याने फोन ठेवणाऱ्या बाबांना एवढंच विचारलं, "डोळे दिसतील काय?"

बाबांनी आमच्या टीव्हीकडे बघितलं. त्यावर एक कीर्तनकार होते आणि त्यांना चार डोळे होते.

"दुसरीकडे बघायला हवं," बाबा म्हणाले. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मॅन्युअल मीच वाचलं होतं ना.

कुणाच्या घरी जाऊन पाणी मागायचं तरी मी दारातच घुटमळायची, आणि आता लोकांच्या घरी जाऊन त्यांचा टीव्ही तपासायचा होता. पण दिवस गणपतीचे होते. त्या दिवसांत कुठल्याही घरात जाता येतं. दारात चप्पल काढायची, "दर्शनाला आले" म्हणायचं, हात जोडायचे, कोणी 'का आलीस' विचारत नाही, उलट हातावर मोदक पडतो. आणि बहुतेक घरांत आरास टीव्हीच्या शेजारीच केलेली, त्यामुळे बाप्पाकडे बघता बघता मान जराशी वळवली की काम होत होतं. मी एक छोटी वही केली. मॅन्युअलमधल्या सूचनांप्रमाणे पडद्यापासून हातभर अंतरावर जाऊन मुंग्या, भुतं, रेषा, रंग असे शेरे मारायचे ठरवले.

पहिलं घर आमच्या मागच्या आळीतल्या काकूंचं. त्यांच्याकडे नुकतंच केबल आलं होतं. केबलवाल्याची काळी वायर आंब्यावरून, तीन गच्च्यांवरून, एका चिंचेवरून त्यांच्या खिडकीत शिरत होती. काकू आल्यागेल्याला आधी टीव्ही दाखवायच्या आणि मग गणपती.

"बघ, कसं लख्ख आहे!" काकू म्हणाल्या.

लख्ख होतं. हिंदी गाण्यातल्या नटीच्या नाकातली चमकी दिसत होती. मी धीर करून म्हटलं, "दूरदर्शन लावता का?"

"ते कशाला बघायचं? ते तुमच्याकडेही दिसतं."

"जरा... बघायचं होतं."

काकूंनी नाइलाजाने लावलं. दूरदर्शनवरचा माणूस गंभीरपणे बोलत होता आणि त्याच्या मागे, त्याच्या आरपार, ती मघाचीच नटी नाचत होती. केबलवाल्याने दोन चॅनेल इतके शेजारी बसवले होते की एकाचं भूत दुसऱ्याच्या अंगात येत होतं. शिवाय चित्राच्या तळाशी साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत होती. मी वहीत लिहिलं: 'रंग उत्तम. नटी आहे.'

आत्याला सांगितलं तेव्हा ती हसून हसून खोकायला लागली. "बाप्पाच्या मागं ती नाचली तर मंडळाला बरंच वाटेल. पण मला नको."

मग गौरीजेवणाला आई आणि मी रोह्याला मामाकडे गेलो. मामा तिथल्या एका कंपनीत कामाला होता. कंपनीच्या कॉलनीने वर्गणी काढून इमारतीच्या गच्चीवर स्वतःची छत्री बसवली होती. छत्री म्हणजे आचाऱ्याची मोठी कढई आभाळाकडे तोंड करून ठेवावी तशी, आणि तिच्यातून प्रत्येक घरात एकेक वायर. मामा सकाळच्या शिफ्टवरून आला होता, पण डबा ठेवायच्या आधी त्याने मला टीव्हीपुढे बसवलं.

"हे बघ. थेट उपग्रहावरून. मध्ये डोंगर नाही, कावळा नाही, तुझा बाप छपरावर नाही. चीन म्हण, रशिया म्हण, सगळं दिसतं."

"दूरदर्शन दिसतं?"

"अगं, ते तर दिसणारच!"

त्याने लावलं. दुपारची वेळ होती, दिल्लीचा कुठलातरी कार्यक्रम चालू होता. एक बाई शिवणकाम शिकवत होती. मी पडद्यापाशी गेले. मुंग्या नाहीत, भूत नाही, रेषा नाही. बाईच्या बुबुळात स्टुडिओतल्या दिव्याचा ठिपकासुद्धा दिसत होता. मी वहीत इतक्या आनंदाने लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

नंतर मामीच्या गॅलरीत उभी होते, तेव्हा कॉलनीच्या भिंतीपलीकडे एक कौलारू घर दिसलं. पोफळीच्या शेजारी उंच दांडा, त्यावर अँटेना, अँटेनावर कावळा. मला वाटलं, बिचारे. अजून छपरावर चढत असतील.

आमचा गणपती गौरींबरोबर गेला, तसा घरचा व्याप संपला. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आत्या, मी आणि बाबा एसटीने रोह्याला निघालो. आत्याने नवी साडी नेसली होती आणि चष्मा पदराने तीनदा पुसला होता. नागोठण्याच्या पुढे मी वही उघडून तिला आमचा धरून तिन्ही टीव्हींचे शेरे वाचून दाखवले. ती कौतुकाने ऐकत होती. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं. त्या एसटीत मिळाल्यासारखं वाटलं.

सात वाजता आम्ही मामाच्या टीव्हीपुढे बसलो. मामीने आत्याला मधली खुर्ची दिली. मामाने दूरदर्शन लावलं. काचेसारखं स्वच्छ चित्र आलं आणि त्यात एक सरदारजी गव्हावरच्या कीडनाशकाबद्दल हिंदीत बोलत होते.

"होईल आता चालू," मामा म्हणाला.

सरदारजींनी गव्हाची ओंबी जवळून दाखवली. ओंबीची कुसळं मोजता आली असती.

"पेणला या वेळेला मराठी असतं," बाबा म्हणाले.

"थांबा हो, दुसऱ्या नंबरवर असेल." मामाने रिमोटने पुढचं लावलं. बातम्या. पुढचं. फुटबॉल. पुढे कुठल्यातरी न कळणाऱ्या भाषेत एक माणूस मासे तळत होता.

मला तेव्हा कळलं. संध्याकाळचं मराठी मुंबईहून निघतं आणि ते फक्त अँटेनालाच मिळतं. उपग्रहावर असतं ते दिल्लीचं. दुपारी मुंबईसुद्धा दिल्लीचंच दाखवते, म्हणून दुपारी फरक कळायचं कारण नव्हतं. मी चाचणी दुपारी घेतली होती.

मी हे सांगितलं. अगदी हळू, पण खोलीत सगळे गप्प होते म्हणून ऐकू गेलं.

"चीन दिसतो," आत्या मामाला म्हणाली, "रशिया दिसतो. मुंबई काय ती लांब पडली."

ती हसली, पण हातातला चष्मा तिने पुन्हा घडी करून डबीत ठेवला. ती डबी मिटल्याचा आवाज मला सहन झाला नाही.

"आत्या, चल," मी म्हटलं. "मागच्या घराला अँटेना आहे."

"कुणाचं घर?" मामीने विचारलं.

"माहीत नाही."

मी चपला घातल्या. माझ्या मागे आत्या, तिच्या मागे बाबा. मामा रिमोट घेऊन तिथेच बसला, "येईल, येईल" म्हणत. कॉलनीच्या फाटकातून बाहेर, भिंतीला वळसा घालून आम्ही पोफळीपाशी पोचलो. आतून झांजा ऐकू येत होत्या. गणपती दहा दिवसांचा होता. इतकं हायसं वाटायला लावणारा आवाज मी त्यानंतर ऐकलेला नाही.

"दर्शनाला आलो," मी ओट्यावरून म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. झांजा थांबल्या.

घरात एक वयस्क जोडपं, त्यांची सून आणि शेजारची दोन-चार माणसं होती. आरती आता सुरू होणार होती. आम्ही हात जोडले. मखराला रंगीत दिव्यांच्या माळा, भकभक करणाऱ्या. मखराच्या बाजूला टीव्ही, आवाज बंद केलेला. काळा-पांढरा. त्यावर मुंग्या, भूत, आणि माळ पेटली की दर वेळी आडव्या रेषांचा पट्टा. माझ्या वहीत याहून वाईट शेरा एकही नव्हता.

पण पडद्यावर मुंबईतला कुठलातरी मंडप होता.

"काका," मी त्या गृहस्थांना म्हटलं, "ही माझी आत्या. ती पेणला गणपतीचे डोळे आखते. तिच्या हातची मूर्ती आत्ता टीव्हीवर दाखवणार आहेत. एकदाच. आम्हाला इथे बघता येईल का? आणि... ती माळ बंद केली तर चित्र नीट येईल."

एवढं लांब मी तोवर कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलले नव्हते. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसं काही साच्यातून भलतीच मूर्ती निघाली.

"बाप्पाची लाइट घालवायची?" काका म्हणाले. "त्याला काळोखात ठेवू?"

"त्याचेच डोळे बघायचे हायत," आत्या म्हणाली. "तो काय रागावणार नाय. रागावला तर माझ्यावर घाला."

त्या घरच्या काकू त्याआधीच प्लगाकडे गेल्या होत्या. "घालवा हो! निरांजन हाय ना. त्याला काय ही वीज लागते? आमच्या आजेसासूच्या वेळंला कुठं होती?"

माळ विझली. पडद्यावरचा पट्टा गेला. निरांजनाच्या उजेडात आम्ही सगळे उभे, घरचा गणपती बाजूला, आणि पडद्यावर एकामागून एक मंडप. दुसरा झाला, तिसरा झाला. मग आमच्या मंडळाची कमान दिसली. बाबा "आलं" म्हणाले. कॅमेरा पायांपासून वर चढायला लागला, मोदक, सोंड, आणि चेहरा.

आत्या पुढे गेली नाही. ती वळली आणि चालायला लागली. मला वाटलं तिला बघवत नाही. ती लोकांमधून वाट काढत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडून ओट्यावर, ओट्याच्या कडेपर्यंत. मी मोजत होते. दहा पावलं. मग ती वळली.

"बाजूला व्हा!" मी ओरडले, आणि मध्ये उभे असलेले काका, सून, शेजारी सगळे भिंतीला चिकटले.

मी धावत तिच्यापाशी गेले आणि तिथून बघितलं. मुंग्या नव्हत्या. भूतही नव्हतं. लांबून ते सगळं चित्रात मुरून गेलं होतं आणि अंधाऱ्या खोलीच्या टोकाला तेवढा एक पांढरा चेहरा होता, दोन काळ्या बुबुळांचा. रंग नसल्यामुळे दुसरीकडे लक्ष जायलाही काही नव्हतं. मी सगळे टीव्ही हातभर अंतरावरून तपासले होते. दहा पावलांवरून एकही नाही.

दहा आकडे मोजावेत एवढा वेळ तो चेहरा राहिला. मग कॅमेरा मागे आला आणि पूर्ण मंडप दिसला. मूर्तीच्या उजव्या हाताला पुरुषांची रांग, डाव्या हाताला बायकांची.

"डावा बाहेर हाय," आत्या म्हणाली. "केसभर." ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसतेय. "बायकांच्या रांगेकडं बघतोय गो तो. बघू दे. सहा-सहा तास उभ्या राहतात, त्यांच्याकडं कुणीतरी बघायला नको?"

आत काकूंनी विचारलं, "जमलं का हो?"

"जमलंय," आत्या म्हणाली. "केसभर सोडून."

मग आरती झाली. माळ न लावताच. प्रसाद घेताना आत्याने घरच्या गणपतीकडे वाकून बघितलं, आणि मला भीती वाटली तेच ती बोलली, "हे डोळे आमच्याकडचे नाहीत. पण बरे हायत." काकांनी ते कौतुक समजून हात जोडले. आत्याच्या हिशोबाने ते कौतुकच होतं. आम्ही मामाकडे परतलो तेव्हा मासे तळणाऱ्या माणसाचे मासे तळून झाले होते.

पुढच्या वर्षी मंडळाची माणसं मूर्ती ठरवायला आली तेव्हा बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "बारा फुटी करतो म्हण. पण ही कारखान्यात हवी." ही म्हणजे मी.

तेव्हापासून मोठ्या मूर्तीची आखणी असली की माझी जागा ठरलेली. परांचीपासून दहा पावलं मागे, पाण्याच्या पिंपाजवळ. आत्या वर, कुंचला धरून, पाठमोरी. कारखान्यात सगळे गप्प, रेडिओ बंद. आणि त्या शांततेत मी, गजांपलीकडे आवाज न जाणारी, सगळा कारखाना ऐकेल अशा आवाजात सांगते, "आत घे. अजून आत. केसभर. बस!"